आमा सर्वांकडून

माझ्या बायकोने नाताळची कार्डं करणं का सोडलं, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, तिची नजर कमी झाली. मुलीला हेच सांगितलं, मेव्हण्यांनाही हेच. ते खोटं होतं. शेवटपर्यंत ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते सांगायची वेळ आली की मी दुसरं काहीतरी काम काढून बसायचो. आता काढायला काम उरलेलं नाही.

पनवेलच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवायचो. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार माझ्या अक्षरात असायचा. स्नेहसंमेलनाचे पडदे, बक्षिसांची प्रमाणपत्रं, निरोपाची मानपत्रं, सगळं माझ्या हातचं. निवृत्त झालो आणि फळा दुसऱ्याच्या हातात गेला. मी सकाळी दूध आणायला मुद्दाम शाळेवरून जायचो आणि नव्या सरांच्या सुविचारात चूक शोधायचो. सापडली की दिवस बरा जायचा.

बायको उरणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. मीही तिकडचाच, पण शिकायला लवकर बाहेर पडलो आणि तोंडातलं ‘आमी-तुमी’ घासून घासून काढून टाकलं. लग्न झाल्यावर तिचंही काढायला घेतलं. पाहुण्यांना ती ‘तुमी बसा’ म्हणाली की मी लगेच, “तुम्ही. ह आहे त्यात.” ती हसून दुरुस्त करायची. पुढे पुढे पाहुणे आले की पाणी देऊन आत निघून जायला लागली. मला वाटलं, लाजते.

मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहायला आलं. नवरा न्हावा शेवाला कामाला, बायको नर्स. सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणायची. मराठी फाडफाड बोलायची, पण वाचता यायचं नाही. डिसेंबरात ती आमच्याकडे कात्री मागायला आली आणि दारातली रांगोळी बघून तिथेच थांबली.

“वहिनी, हे ठिपके तुम्ही न मोजता काढता? चला खाली. माझे स्टार सगळे वाकडे येतायत.”

बायको गेली ती जेवायच्या वेळेला वर आली. बोटांना खळ वाळलेली, केसांत चमकी. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरून लग्नपत्रिकांची पिशवी काढली. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून आमच्याकडे पत्रिका टाकत नाहीत. तिने प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती अलगद कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि उरलेल्या लाल-सोनेरी कागदाचे तारे केले. करंज्यांचं कातणं कागदावरून फिरवून कार्डांना नागमोडी कड आणली. भेटवस्तूला बांधायच्या चिठ्ठ्या, ज्यांना सिस्टर टॅग म्हणायची, त्या तिने मासा, होडी, माड अशा आकारांत कापल्या. कार्डावर बाळ येशूचा गोठा होता, पण तो तिच्या माहेरचा. गोठ्याबाहेर पांढऱ्या कापसाचे ढीग.

“वॉव, स्नो!” सिस्टर म्हणाली.

“मीठ हाय ते!”

दोघी एवढ्या हसल्या की मला वरच्या मजल्यावर ऐकू आलं. माझ्यासमोर ती इतक्या मोठ्याने कधी हसली होती ते मी आठवून बघितलं. आठवलं नाही.

मग मीही एक कार्ड केलं. तीन दिवस घालवले. जलरंगातलं चर्च, मागे कर्नाळ्याचा सुळका, भिंतीवर कललेलं ऊन. सिस्टरने ते दोन्ही हातांत धरलं. “सर, सुपर! हे तर तुम्ही फ्रेम करून ठेवा.” म्हणजे वाटायला नको. वाटायला तिने मिठाची कार्डं नेली.

लोक शेजाऱ्याच्या घरावर जळतात, भावाच्या शेतावर जळतात. मी माझ्या बायकोवर जळलो, कापसाच्या मिठावरून. चाळीस वर्षं हातात ब्रश धरलेला मी, आणि जिन्यात लोक मला विचारायचे, “वहिनींची किती कार्डं झाली?” एकदा मी तिच्या ताऱ्यावर कोनमापक ठेवला.

“पाचही कोन वेगळे आहेत.”

“आभालातल्याचे कुणी मोजलेत?” ती म्हणाली, आणि कात्री चालवत राहिली.

पुढच्या वर्षी सिस्टरच्या प्रार्थनेच्या मंडळींना साठ कार्डं आणि साठ टॅग हवे होते. त्यात मराठी कुटुंबं बरीच, म्हणून मजकूर मराठीत. सिस्टरने तो तोंडीच सांगितला: आम्हा सर्वांकडून तुम्हा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. निम्मा टॅगवर, निम्मा कार्डावर. हे कळल्यावर मी माझे टाक धुऊन ठेवले. चित्राचं जाऊ दे, अक्षर तरी माझंच लागणार होतं.

सिस्टर वर आली. “सर, एक हेल्प पाहिजे.”

“बोला.”

“टॅग्जना भोकं पाडून द्याल? वहिनींचा अंगठा दुखतो.”

“आणि अक्षर?”

“ते वहिनीच लिहितायत ना. काय स्वीट लिहितात, बटणांसारखं गोल गोल.”

मी दाभण घेऊन बसलो. पहिले दहा टॅग आणि पहिलं कार्ड बायकोने माझ्यापुढे ठेवलं. टॅगवर लिहिलं होतं, ‘आमा सर्वांकडून’. कार्डावर, ‘तुमा सर्वांना नाताळच्या शुभेच्छा’.

ती बोलायची तसं तिने लिहिलं होतं. ‘तुमच्या’मध्ये ह नसतो, ‘तुम्हा’मध्ये असतो. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिचं तोंड दुरुस्त करत आलो, पण तिच्या हाती लिहायला कधी काही दिलं नव्हतं.

“बगा जरा,” ती म्हणाली. “बरोबर हाय ना सगलं? लोकांत जायचं हाय.”

तिने आपणहून माझ्याकडून काही तपासून मागितलं, ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दहाच टॅग लिहून झाले होते. एक बारीकसा ह घालायचा होता, जागा होती. मी चष्मा नाकावर नीट केला आणि ती ओळ दोनदा वाचली.

“छान आहे,” मी म्हणालो. “लिही पुढे.”

तिने उरलेले तीन दिवसांत लिहिले. भोकं मीच पाडली, प्रत्येक वेळी ‘आमा’मधल्या आच्या बरोबर वर. म्हणजे ती चूक मी एकदा बघून सोडली असं नाही. साठ वेळा बघितली.

नाताळच्या दिवशी सिस्टरने आम्हाला खाली बोलावलं. बायकोने नवी साडी नेसली होती. घर माणसांनी भरलेलं, बशीत केक आणि तळलेले गोड कुलकुल. कळंबोलीहून आलेल्या एका गृहस्थांनी भेटवस्तूवरचा टॅग उलटसुलट करून बघितला आणि मोठ्याने वाचला.

“आमा सर्वांकडून! हे उरणहून चालत आलंय वाटतं! आमी हाय, तुमी हाय, केक कुठं हाय?”

सगळे हसले. दुष्टपणाने नव्हे, सणाच्या दिवशी हसतात तसे. पण मग प्रत्येकाने आपापला टॅग काढून बघितला. सिस्टर विचारत राहिली, “काय झालं? काय लिहिलंय?” कुणीतरी तिला समजावलं. “सो? कळलं ना सगळ्यांना?” ती म्हणाली. तोवर ते गृहस्थ माझ्याकडे वळले होते.

“सर, तुम्ही तर शाळेचे फळे लिहायचात. घरातलं नाही बघितलं?”

माझ्या तोंडात कुलकुल होतं. मी ते चावत राहिलो, जेवढा वेळ चावता येईल तेवढा.

“त्यांना दाखवलंच नाय मी,” बायको म्हणाली. “त्यांचा काय संबंध?”

चारचौघांत तिने ‘नाय’ म्हटलेलं मी कित्येक वर्षांनी ऐकलं. मान खाली नव्हती. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी घास गिळला आणि बशीतलं दुसरं कुलकुल उचललं.

जिना चढताना ती पुढे होती. दार उघडेपर्यंत ती विचारील म्हणून मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी काय थाप मारणार होतो तेही ठरलं होतं: चष्मा जुना आहे. तिने कुलूप काढलं आणि म्हणाली, “चहा टाकू?”

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कातणं स्वयंपाकघरात परत गेलं. पुढच्या डिसेंबरात सिस्टर आली तेव्हा बायको म्हणाली, “नजर चालत नाय आता.” म्हणजे ही थाप मुळात तिची. मी ती फक्त पुढे वापरली.

“मग सर, तुम्ही लिहाल?” सिस्टरने विचारलं.

इथे मला खोटं लिहायचं नाही. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. दोन वर्षं मी कार्डं लिहिली, प्रत्येक ह ठसठशीत, गाठ मारल्यासारखा. कुणी हसलं नाही. कुणी काही म्हटलंही नाही. टॅगना भोकं बायकोने पाडली.

मग सिस्टरने करंजाड्यात फ्लॅट घेतला. नंतर शुभेच्छा मोबाईलवरच यायला लागल्या आणि ते सगळं थांबलं.

बायको आजारी पडली तेव्हा मी रोज दवाखान्यात डबा न्यायचो. एकदा ठरवूनच गेलो होतो. तिला पेज भरवली, तोंड पुसलं आणि म्हणालो, “ते कार्ड...”

“कुठलं?”

“ते मिठाचं.”

तिचा चेहरा उजळला. “स्नो,” ती म्हणाली, आणि हसली. मीही हसलो. तिला हसताना बघून मला पुढचं बोलवेना. उद्या बोलू म्हणून डबा उचलला. तसे आणखी अकरा दिवस मिळाले. रोज डबा नेला, रोज रिकामा परत आणला.

बिस्किटांचा डबा मी मागच्या महिन्यात उघडला. आत गणपती आहेत, एकावर एक ठेवलेले. त्यांच्याखाली एक कोरा टॅग सापडला, माशाच्या आकाराचा. त्याला भोक पाडायचं राहिलंय. मी टाक धुतला, शाई घेतली, आणि शब्द मनात आले ते मी घासून काढलेल्या बोलीत. तिच्या हातात द्यायचं होतं ते एवढंच:

मी बगितलं होतं. माजं चुकलं.