मुकाट्याने सोसायचं गीत

रूथमावशींच्या नवऱ्याच्या मयतीला चर्चमध्ये माझंच गीत म्हटलं गेलं. दुःख ही प्रभूची भेट आहे, मुकाट्याने घे, असं मी एकोणिसाव्या वर्षी लिहिलं होतं. मावशींच्या नवऱ्याला मास्कशिवाय गटारात उतरवणारा ठेकेदार आमच्याच चर्चच्या मंडळीतला. तो सगळ्यांत मोठ्याने गात होता. सगळे उभे, मावशी तेवढ्या बसून.

नंतर त्यांनी विचारलं, "हे लिहिलंस तेव्हा तुझं कोण गेलं होतं रे?"

"कोणी नाही."

"दिसतंच आहे."

मी ठेकेदारांविरुद्ध पत्रकं वाटतो. त्यांच्या सोयीचं पत्रक मात्र मीच चाल लावून लिहून बसलोय, आणि ते लोकांना तोंडपाठ आहे.

मावशी उठल्या. "माझ्या मयतीला हे म्हणायचं नाही. पाळकांना आत्ताच सांगून ये."