कोऱ्या पाण्यातली डॉल्फिन

वर्ध्याच्या कापूस बाजारात मी चौतीस वर्षं काट्यावर बसलो आणि कुणाचं पावशेरही मारलं नाही. मारलं ते सख्ख्या नातीचं अर्धा लिटर पाणी, आणि तेही निवृत्त झाल्यावर.

या गोष्टीवर मी दोन वर्षं गप्प बसलो. आता खरं सांगून टाकतो.

माझी नात मयुरी तेव्हा कॉलेजात संशोधन करत होती. नदीतून जाणारा प्रत्येक जीव आपला काहीतरी अंश मागे सोडतो, कुठे खवला, कुठे कातडीचा कण. पाण्यातून त्याचा डीएनए वेगळा काढला की एकही मासा न पकडता नदीत कोण राहतं ते कळतं. आंजी गावाजवळ धाम नदीत एक मऊ पाठीचं कासव अजून उरलंय का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठीचं महागडं यंत्र काही नदीकाठी नेता येत नाही, म्हणून पोरीने घरीच एक यंत्र बनवलं आणि ते माझ्या जुन्या सुटकेसमध्ये बसवलं! पाणी गाळायला सायकलचा उलटा बसवलेला पंप, नमुने गरम ठेवायला माझा थर्मास आणि नळ्या गरगर फिरवायला तिच्या आजीची ताक घुसळायची रवी. दोरी ओढली की नळ्या अशा फिरायच्या की बघूनच मला चक्कर यायची. (तेव्हापासून आमच्याकडे ताक मिक्सरमध्ये होतं. त्यावर माझ्या बायकोचं, सुमनचं, मत काय आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

तिच्या सरांनी अट घातली होती. नदीच्या पाण्यासोबत एक बाटली कोऱ्या पाण्याची तपासायची. त्या बाटलीत कुणाचाही अंश सापडला नाही, तरच यंत्र खरं. मग ते जिल्ह्यातल्या सगळ्या तळ्यांवर फिरणार होतं. नाहीतर सुटकेस बंद.

नदीवर जायच्या दिवशी, मे महिन्यात, मी सकाळचा फेरफटका मारून घरी आलो. माठ घासायला काढलेला, नळाचा दिवस उद्याचा, सुमन शेजारी, मयुरी न्हाणीघरात. आणि टेबलावर गार, स्वच्छ, गच्च भरलेली बाटली!

मी एका दमात प्यालो. चव काहीच नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

बाटली फिरवून पाहिली तर चिठ्ठी: 'कोरं पाणी. हात लावू नये.'

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. (प्यालेलं सगळं पाणी लगेच बाहेर आलं म्हणा ना!) बादलीतलं पाणी भरावं, तर ते तीन दिवसांचं. मयुरी तर म्हणाली होती, "आबाजी, ह्या पाण्यात कायबी नाई, शंभर टक्के शुद्ध हाये." शंभर टक्के शुद्ध पाणी घरात आणखी कुठे असणार? मी देवघराकडे पाहिलं. शेजारच्या बबनरावांनी चारच दिवसांपूर्वी काशीहून आणून दिलेली गंगाजलाची कॅन तिथे होती.

याहून शुद्ध काय असतं, सांगा बरं? हात जोडले, बाटली भरली, झाकण लावलं.

संध्याकाळी सुमनने कॅन हलवून पाहिली.

"काऊन जी, गंगाजल कमी कसं झालं?"

"उन्हाळा हाये. उडालं असन."

"झाकण लावलेल्या कॅनमधून?"

"काशीचं पाणी हाये ते. त्याले कोण अडवते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उलटा धरून वाचायला लागलो.

यंत्राने वेगळा काढलेला डीएनए कुणाचा, ते प्रयोगशाळेत ओळखायचे; महिन्याभराने तिथला निकाल आला. आम्ही जेवत होतो. मयुरी मोबाईल बघत ओरडली, "आबाजी, कासव सापडलं!" मी टाळी वाजवणार, तोच तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं वं?" सुमनने विचारलं.

"कोऱ्या पाण्यात गाई सापडल्या. झेंडू सापडला. मायंदाळ माणसं सापडली." ती थांबली. "अन् गंगेतली डॉल्फिन."

"आपल्या घरात?" सुमन ताटावरून उठली आणि तिने आधी फ्रिज उघडून पाहिला!

डॉल्फिन! काशीत एवढं काय काय असेल असं कुणाला वाटलं होतं? तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सरांचा फोन आला आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेलो. (पुन्हा पाणीच!) सर म्हणाले, ज्या यंत्राला कोऱ्या पाण्यात डॉल्फिन दिसते, त्याच्या कासवावर कोण विश्वास ठेवेल? मयुरीने वाद घातला नाही. "माझीच काईतरी चूक असन," एवढंच म्हणाली. सुटकेस माळ्यावर गेली आणि पोरगी नागपूरला कुठल्याशा ऑफिसात रिपोर्ट टाइप करायला लागली. ती घरी आली की मी तिला आग्रहाने दोन पोळ्या जास्त वाढायचो. त्याने काय होणार होतं!

गेल्या महिन्यात ती सुट्टीवर आली. सुमन म्हणाली, "भंगारवाला आला हाये. ते माळ्यावरचं देऊन टाकू?"

"देऊन टाक आजी. तसंही ते खोटंच बोलते."

मयुरीने सुटकेस खाली काढली. तिच्यातून रवीची दोरी लोंबत होती. मला राहवलं नाही.

"खोटं ते नाई बोलत," मी म्हणालो. "मी बोलतो. तुहं कोरं पाणी मी पेलो, अन् बाटलीत गंगाजल भरलं."

भंगारवाल्याने तराजू खाली ठेवला.

"काशीचं?" मयुरीने हळूच विचारलं.

"हो. बबनरावाचं."

"म्हणजे डॉल्फिन खरी होती?" ती ओरडली. "आबाजी, म्हणजे यंत्र बरोबर होतं! अर्ध्या लिटरात त्यानं काशीची डॉल्फिन पकडली! अन् तुम्ही दोन वर्षं..." पुढे ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिने सुटकेस पोटाशी धरली होती, एवढं दिसलं.

"उडालं म्हणे!" सुमन म्हणाली. तिच्या दृष्टीने मुख्य गुन्हा तोच होता.

सरांनी चाचणी पुन्हा घ्यायचं कबूल केलं, पण माझी लेखी कबुली मागितली. ती हीच. एक पान सांगितलं होतं, जरा लांबली.

कोरं पाणी आता कपाटात कुलूपबंद आहे, किल्ली सुमनच्या कमरेला. आणि परवा मयुरी कापसाचा बोळा लावलेली काडी घेऊन आली. "आबाजी, तोंड उघडा. तुमचा डीएनए आधीच घेऊन ठेवते. उद्या बाटलीत सापडलाच, तर लगेच वळखू येईन."

मी आ केला. ज्याने चौतीस वर्षं गावाचा कापूस तोलला, त्याच्याच गालातून नातीने कापूस फिरवला आणि तो डबीत बंद केला. डबीवर लिहिलं आहे: 'काही गडबड झाल्यास आधी हा तपासा.'