वाचक क्रमांक एकेचाळीस

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे घुम्या म्हणतात. नाव ठेवणारी मीच. लहानपणी पाहुणे आले की हा पलंगाखाली, आणि ते गेले की कोण काय बोललं ते हुबेहूब करून दाखवणार. आता चाळिशीला आला तरी तेच चाललंय, फक्त पलंगाच्या जागी भाड्याची खोली आहे. तिथे बसून तो व्हिडिओ गेम लिहितो. ‘गेम खेळतात, लिहितात कसले?’ असं मला विचारू नका. मीच त्याला ते विचारून पंधरा वर्षं त्याचं डोकं खाल्लंय.

आधी तो कंपन्यांसाठी लिहायचा. गेममध्ये दारावर पहारेकरी उभा असतो ना, त्याची वाक्यं. ‘पुढे जाता येणार नाही’ हे एकच म्हणणं आमच्या शहाण्याने तीनशे तऱ्हांनी लिहून दिलंय. खेळणारे ते वाचतसुद्धा नाहीत, बटण दाबून पुढे पळतात. एकदा गेमच्या शेवटी येणारी नावांची यादी दाखवायला त्याने मला मुद्दाम बसवलं. वीस मिनिटं नावं सरकत होती. याचं आलं नेमकी तेव्हाच मला शिंक आली आणि ते हुकलं. मला फार वाईट वाटलं.

मग एक दिवस कोणालाही न विचारता त्याने नोकरी सोडली. मी दोन महिने बोलले नाही त्याच्याशी. त्याने स्वतःचा गेम काढला, ‘धक्क्यावरची खिडकी’. चित्रं नाहीत, मारामारी नाही. होडीच्या धक्क्यावर तिकिटाची खिडकी, आत तुम्ही बसलेले. माणसं येतात, काहीबाही बोलतात, तुम्ही उत्तर निवडायचं आणि निवडाल तशी गोष्ट वळणार. दर शनिवारी सकाळी नवं प्रकरण.

वाचक जमवायला या माणसाने काय नाही केलं! दर शुक्रवारी वाचकांना पत्र पाठवायचा. पहिल्या यादीत अकरा जण, त्यांत तो स्वतः दोनदा. कॅमेऱ्यासमोर बसून प्रकरण वाचून दाखवलं, तर बघायला चौघे, आणि त्यांतला एक ‘आवाज येत नाही’ म्हणून निघून गेला. प्रदर्शनात दोन दिवस टेबल मांडून बसला, तर लोक येऊन विचारायचे, ‘इथे मोबाईल चार्ज करता येईल का?’ हळूहळू यादी तीनशेवर गेली. पण पत्र उघडणारे साठ, आणि प्रकरण शेवटपर्यंत वाचणारे बोटांवर मोजण्याइतके.

मी? मी ‘वाचते रे सवडीने’ म्हणत होते. एक ओळ वाचली नव्हती, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या माघारी झेरॉक्सचं दुकान मी एकटी चालवते. संध्याकाळी शटर ओढलं की जेवायचंही जिवावर येतं.

पण त्याचा एक वाचक मात्र पक्का होता. त्याच्या आकडेवारीत नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक, एका कॉम्प्युटरला एक. हा क्रमांक एकेचाळीस. दर शनिवारी दहा वाजून पाच मिनिटांनी हजर. नुसता वाचायचा नाही, प्रत्येक वाटेने जाऊन यायचा, जी वाट कोणी निवडत नाही तिनेही. बारा मिनिटांत सगळं फस्त. ‘अधाशी आहे गं,’ घुम्या कौतुकाने म्हणायचा. अडीच वर्षं तो त्या एकेचाळीससाठी लिहीत होता. एकेक पान चारचारदा बदलायचा, का, तर एकेचाळीस ते पान चुकवणार नाही म्हणून. ‘लग्न करून टाक त्याच्याशी,’ मी म्हणायचे, आणि तो चक्क हसायचा. त्याच्या खोलीत दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर वायरींचा ढीग असतो. दुसरं कोणी तिथे येत नाही.

मागच्या गुरुवारी माझ्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. घुम्याने नवा घेतला तेव्हा ‘पुसून’ मला दिलेला. मी तो दुरुस्तीवाल्याकडे टाकला आणि विसरले. शनिवारी दुपारी घुम्या दुकानात आला. चेहरा असा की मी गिऱ्हाईक सोडून पुढे झाले.

“ताई, एकेचाळीस आला नाही.”

“गावाला गेला असेल. येईल की.”

“अडीच वर्षांत एकदाही चुकला नाही. दहा पाच म्हणजे दहा पाच.” तो स्टुलावर बसला. “जुनी कंपनी परत बोलावतेय, पहारेकऱ्यांसाठी. बुधवारपर्यंत कळवायचंय. शेवटचं एकच प्रकरण राहिलंय, पण नाही टाकणार मी. कोणासाठी टाकू?”

दहाला मी शटर उघडते, झाडू मारते, कॉम्प्युटर चालू करते. शनिवारी तो चालू झाला की पडद्यावर पानं आपोआप फडफडायची. मला वाटायचं, म्हातारा झालाय बिचारा, सकाळी अंग मोडतोय. ते सगळं एकदम आठवलं. घुम्याला सांगण्याआधी खात्री करायची ठरवली.

सोमवारी दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “ताई, यात एक गंमत आहे. चालू केला की हा तुमच्या भावाची गोष्ट उघडायला बघतो, नवं प्रकरण असलं की एकेक बटण दाबत सुटायला. इथे नेट नाही म्हणून अडलाय. कुठे पान अडकतंय का, ते तपासायला प्रोग्राम लिहितात तसा. काढायचं राहून गेलंय त्याच्याकडून. राहू दे?”

राहू दे म्हटलं असतं तर दुकानात लावताच एकेचाळीस परत आला असता. मोह झाला, नाही असं नाही. पण मनात म्हटलं, बये, अडीच वर्षं पोरगं मशीनसाठी लिहीत बसलं आणि तू सख्खी बहीण, तुला एक पान उघडता आलं नाही. लाज वाटली मला.

“काढून टाका,” म्हटलं.

दुपारी तो कॉम्प्युटर दुकानात लावला आणि शनिवारचं प्रकरण उघडलं. चष्मा लावून, बोटाने ओळ धरून. दोनदा चुकले, मागे आले. मग एक पान आलं. खिडकीशी एक बाई येते, होडीची वेळ विचारते. सांगितलं की म्हणते, ‘ह्यांना विचारून सांगते,’ आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला विचारायला कोणी उरलेलं नाही, हे धक्क्यावर सगळ्यांना माहीत आहे.

ती मी होते. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी कोणी बाइंडिंगचं विचारलं की माझ्या तोंडून तेच निघतं. गिऱ्हाइकं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही. पानाखाली दोन बटणं होती, ‘होडी सोडा’ आणि ‘होडी थांबवून ठेवा’. मी थांबवली आणि तशीच बसून राहिले. रडले, हो, चांगली रडले.

मंगळवारी घुम्या धावत आला. “ताई, एकेचाळीस आला! पण काल काय झालं कोण जाणे, चार तास लागले त्याला. चुकला, मागे फिरला. एका पानावर तर चाळीस मिनिटं! होडीच्या पानावर! असं आजवर कोणी थांबलं नाही गं. काय करत असेल?”

“गिऱ्हाईक आलं असेल,” मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली.  घुम्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरकडे. त्याला सांगावं लागलं नाही. तो बटणं दाबणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला होता त्याने.

“म्हणजे आधीचं सगळं...” एवढंच बोलला. त्याचा चेहरा बघवेना मला. अडीच वर्षं एका क्षणात रिकामी झाली होती त्याची, आणि मी काय करणार होते? 

मग त्याने विचारलं, “आणि कालची चाळीस मिनिटं?”

“दहा मिनिटं गिऱ्हाईक होतं. उरलेली तीस माझी.”

“सोडलीस का होडी?”

“नाही अजून.”

तो स्टुलावर बसून नखं खात राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, “शेवटचं प्रकरण टाकू शनिवारी?”

“टाक,” मी म्हटलं. कोणालाही न विचारता.