रात्री लावायचा साचा

आमच्या घरात आबांच्या घोरण्याचं सगळ्यांना कौतुक होतं. आता हे लिहितानाही चीड येते, पण खरं आहे. कन्हेरीला आमची वस्ती रानात. शेजारच्या वस्तीवरच्या काकू सकाळी आईला म्हणायच्या, "काल लवकर निजलं वाटतं तुमचं मालक." आई पदर तोंडाला लावून हसायची. माझे वडील पडल्या जागी झोपतात, म्हणजे त्यांच्या मनाला घोर नाही, असा आमचा समज. ते स्वतःही ऐटीत सांगायचे, "भुकेला कोंडा आन् निजेला धोंडा. आपल्याला गादी लागत न्हाय."

मग ते दिवसाही पेंगायला लागले. जेवताना हातात घास तसाच राहायचा. बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर बसल्या बसल्या मान खाली जायची. एखादी गोष्ट सांगायला घ्यायचे आणि मधेच गप्प व्हायचे, की समजायचं, डोळा लागला. आम्ही हसायचो. एकदा मोटारसायकलवर डुलकी लागली आणि गाडी उसात शिरली. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला विहीर होती. मी इंदापूरला शाळेत शिकवते. गाडीचं कळल्यावर रजा टाकून आले आणि त्यांना बारामतीला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

बोटाला आणि छातीला तारा लावून त्यांची झोप तपासली. डॉक्टर म्हणाले, झोपेत यांच्या घशातली वाट मिटते, श्वास अडतो. जीव घुसमटला की मेंदू दचकून जागा होतो, आणि हे रात्रभर चालतं. असंच राहिलं तर हृदयाला सोसणार नाही.

"म्हंजी इतकी वर्सं त्येंनी झोपच काढली न्हाय?" आईनं विचारलं. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं. मला तेव्हा त्या सगळ्या हसण्याची शिसारी आली.

आधी तोंडावर मास्क लावायचं मशीन आणलं. आबांनी ते ओढून फेकलं. "कोळपणीच्या बैलाला मुसकं घालत्यात, तसं वाटतंय," म्हणाले. मग डॉक्टरांनी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी वरच्या आणि खालच्या दातांचे ठसे घेतले. काही दिवसांनी पारदर्शक साचा तयार झाला, वरचा भाग खालच्याला जोडलेला. तो घातला की खालचा जबडा जरा पुढे ओढला जातो, जीभ मागे पडत नाही, वाट उघडी राहते. "दात पक्के आहेत म्हणून जमतंय," दातांचे डॉक्टर म्हणाले. आबा खूश. "ऊस दातानं सोलतो आजून." निघताना डॉक्टरांनी बजावलं, "रोज रात्री लावायचं. न चुकता."

सुरुवातीला सकाळी जबडा दुखायचा, उशी लाळेनं ओली व्हायची. पण घर शांत झालं. आईला ती शांतता सोसेना. ती उठून आबांच्या नाकाखाली बोट धरायची. हळूहळू सवय झाली. आवाज नाही म्हणजे चांगली झोप लागलीय, असं ती शिकली. एका संध्याकाळी आबा एकटेच एसटीनं इंदापूरला आले, माझ्या घरी बसले आणि भावकीतल्या एका लग्नाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली. डोळे एकदम लख्ख. त्या संध्याकाळइतकी मी नंतर कधी सुखात नव्हते.

डॉक्टरांच्या शहरात रात्र म्हणजे झोप. आमच्या रानात रात्र म्हणजे लाईट. पाण्याच्या मोटारींची वीज एका आठवड्याला दिवसा, एका आठवड्याला रात्री. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात आबा रात्रभर उसाला पाणी द्यायचे आणि दिवसा मोटारीच्या खोलीजवळ लिंबाखाली झोपायचे. साचा घरात देवाच्या फळीवर, स्टीलच्या डबीत. आई औषधाच्या बाबतीत फार कडक. सकाळची गोळी सकाळी, रात्रीची रात्री, इकडची तिकडं नाही. तिचं ब्लडप्रेशर तिनं असंच ताब्यात ठेवलं होतं.

आबांनी एकदा तिला विचारलं होतं, "दुपारी नेऊ का ती डबी रानात?"

"आवं, डॉक्टर रातचं म्हणल्यात न्हवं? आन् रानात उंदरानं पळवला म्हंजी?"

आबांना पटलं. डॉक्टरांचा शब्द ते मोडत नसत.

शेवटच्या दिवशी ते रात्रभर पाणी देऊन, चहा-भाकरी करून लिंबाखाली आडवे झाले. दुपारी आई जेवण घेऊन गेली तर घोरणं बांधावरूनच ऐकू येत होतं. दमलेत, उठवू नये, म्हणून तिनं भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं आणि शेजारच्या मिरचीत खुरपायला बसली. थोड्या वेळानं आवाज थांबला. तिला बरं वाटलं. हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं: "आवाज थांबला तवा मला बरं वाटलं गं. म्हणलं, लागली आता चांगली झोप." वाफा संपवून ती उठवायला गेली.

झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. श्वास अडल्यामुळेच का, ते नक्की सांगता येणार नाही, असंही म्हणाले. मला त्या डॉक्टरांचा राग आला, विजेचा आला, उसाचा आला. आईचा आला नाही, असं म्हणणार होते, पण तेही खोटं होईल. एक क्षण आला. तिच्या हातात ते खुरपं तसंच होतं, ते पाहून गेला.

दहावा झाल्यावर पाहुणे पांगले. आई डबी घेऊन माझ्याजवळ बसली. झाकण उघडलं. साचा स्वच्छ होता, आबांच्या दातांचा आकार धरून बसलेला.

"पोरी, तू शिकलेली हायेस. ह्यो दिवसा लावला आसता तर चालला आसता का?"

"न्हाय, आई," मी म्हणाले. "दिवसा त्येचा काय उपेग न्हवता."

"मग बरं," ती म्हणाली. ब्रशनं साचा धुतला, पुसला आणि डबी पुन्हा फळीवर ठेवली.

मी अजूनही रविवारी कन्हेरीला जाते. चहा होतो, रानातलं बोलणं होतं. मी निघायला पिशवी उचलली की आई दाराशी येते आणि तेच विचारते. मी तेच सांगते. "मग बरं," म्हणते. पुढच्या रविवारी पुन्हा विचारते.