एका बोटाने दाखव

आम्ही एव्हरशाईन सिटी या वसाहतीत नवीन होतो. माझ्या आठ वर्षांच्या लेकीचं पोट दुखत होतं. सगळे म्हणत होते, गॅस असेल. दोन दिवसांनीही थांबेना, तेव्हा तिला सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या. गार जेल त्यांनी आधी स्वतःच्या तळहातावर घेऊन कोमट केलं.

"बाळा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं, एका बोटाने दाखव. मशीनला दुखणं कळत नाही गं."

लेकीने बोट ठेवलं. बाईंनी तिथेच हलकेच दाबून पाहिलं आणि पडद्यावर सुजलेलं अपेंडिक्स दिसलं. त्यांनी स्वतःच सर्जनला फोन लावला. फुटायच्या आत ऑपरेशन झालं.

बाईंचं नाव आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दोन दिवस ओवा चारणाऱ्या मला, तिच्या बापाला, हा प्रश्न सुचला नव्हता.