पाटावरची बंदूक आणि फुगलेली बॅटरी

परवा दसऱ्याला जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या आमच्या घरात पाटावर काय काय मांडलं होतं सांगू... ह्यांचा लॅपटॉप, माझी शिलाईची कात्री, लेकीची, सईची, खडूपेटी आणि एक बंदूक.

खरी नाही हो. एअरसॉफ्ट म्हणतात तिला. बॅटरीवर चालते, प्लास्टिकच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या उडवते. आमचे हे कारच्या कारखान्यात इंजिनिअर. महिन्यातला एक रविवार ऑफिसातले बाप्ये मिळून मैदानावर जातात आणि एकमेकांवर त्या गोळ्या मारतात. जाऊ दे, दारू तर पीत नाहीत, असं मी मनाला समजावते.

तर राग बंदुकीपेक्षा बॅटरीचा जास्त होता. जुनी बॅटरी जड होती पण गरीब होती बिचारी. मागच्या आठवड्यात ह्यांनी लिथियम पॉलिमरची आणली, लिपो म्हणतात. पातळ, मऊ, चांदीच्या कागदात गुंडाळल्यासारखी. सोबतच्या चिठ्ठीवर सगळे लाल त्रिकोण. मला जर्मन वाचता येत नाही, शाळाही नववीपर्यंतच झाली... पण आगीचं चित्र कुणालाही कळतं.

ही बॅटरी बंदुकीच्या मागच्या दस्त्यात बसवायची, जो भाग खांद्याला लावतात त्यात. दसऱ्याच्या सकाळी ह्यांनी ती चार्ज केली आणि बसवायला घेतली. बसेना. अंगठ्यानं दाबतायत आपले...

"अहो, जागा नाहीये त्यात."

"अगं, मोजून आणलीये मी. मिलिमीटरमध्ये."

बॅटरी मोजली होती. तिच्या वायरी आणि प्लग कुठं मावणार, ते कुणी मोजायचं? शेवटी वायरी दुमडून कोंबल्या आणि वरून झाकण लावलं. करंजीत सारण जास्त भरलं की ती तेलात फुटते, एवढं मला कळतं. पण मी पडले नववी पास.

पूजेला मांडताना मी परत म्हणलं, निदान बॅटरी काढून ठेवा. तर म्हणे, "बॅटरीशिवाय ती अर्धी. अर्ध्या शस्त्राची कुणी पूजा करतं का?" सासूबाई कराडहून व्हिडिओ कॉलवर होत्या. त्यांनीही मान हलवली... "बरोबर आहे त्याचं. अर्धवट काही ठेवू नये." मग काय, ठेवली बॅटरीसकट.

हळदीकुंकू वाहायला घेतलं. लॅपटॉप झाला, कात्री झाली. बंदुकीच्या दस्त्याला बोट टेकलं... आणि बोट मागं आलं. गरम. तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखी.

"अहो, ही तापलीये."

"निरांजनामुळं असेल."

"निरांजन लॅपटॉपकडं आहे."

हे उठले, हात लावला आणि तोंडावरचा रंगच गेला. तोवर माझी सई पाटाला टेकून घंटी वाजवत बसलेली. दोन वर्षांचं लेकरू.

तिला आधी आतल्या खोलीत पाळण्यात ठेवलं. परत आले तर हे तिथंच उभे. का, तर फोनमधून सासूबाई म्हणत होत्या, "नैवेद्याच्या आधी पूजेतलं उचलू नये रे." आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंचं ऐकलं नाही. बंदूक उचलली आणि थेट बाल्कनीत फरशीवर नेऊन ठेवली.

हे मागून टॉवेल घेऊन धावत आले. समोरच्या बिल्डिंगमधून कुणी बंदूक बघेल आणि पोलिसांना फोन करेल म्हणून झाकायला. म्हणलं, "पेटायला आणलाय का टॉवेल?" टॉवेल आत गेला.

झाकण काढलं तर बॅटरी पुरीसारखी टम्म. अडकून बसलेली. ह्यांनी लगेच स्क्रूड्रायव्हर घेतला, टोकानं उचकटायला... मी मनगटच धरलं. भोक पडलं तर? म्हणलं, आधी त्या तुमच्या युर्गेनला विचारा. तो ह्यांच्या टीममधला, वर्षानुवर्षं खेळतोय.

युर्गेननं फोनवर ह्यांना झाडलं असावं, कारण हे नुसतं गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर करत होते. टोकदार काही लावू नको, आधी प्लग सोडव, मग दस्ता खोलून हळू सरकव. तसं केलं, निघाली. दोन्ही वायरींवरचं कातडं झाकणात चेमटून सोललं होतं, आतलं तांबं एकमेकांना टेकून तापत होतं.

बर्फात पायऱ्यांवर टाकायला रेती ठेवलेली असते ना, ती मातीच्या कुंडीत ओतली आणि त्यात बॅटरी ठेवली. बाल्कनीचं दार बंद. मी दिवसभर काचेतून तिच्याकडं बघत होते.

फोन ठेवताना युर्गेननं काहीतरी विचारलं आणि हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणलं, काय म्हणतो?

"कुणाच्या लक्षात आलं, विचारतोय."

"मग सांगा की."

सांगितलं. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस उचललीस ते."

बॅटरी सोमवारी प्लगला टेप लावून कचरा केंद्रावर दिली. आता घरात नियम माझे. मावेल तेवढीच बॅटरी, आणि वायरींना मोकळी जागा. खेळून आले की बॅटरी बंदुकीतून बाहेर, आग बाहेर न येणाऱ्या खास पिशवीत. चार्जिंग चालू असेल तर हे समोर बसून राहतील, मॅच असली तरी.

खरं सांगू, बंदूक पूजेत ठेवायची नाही म्हणून मी आदल्या दिवशी भांडले होते. माझं ऐकलं असतं तर ती बॅटरीसकट तिच्या रोजच्या कपाटात गेली असती... आणि ते कपाट सईच्या पाळण्याला लागून आहे. हळदीकुंकवाचं बोट लागलं म्हणून कळलं.

त्या दसऱ्याच्या संध्याकाळी हे खालच्या झाडाचं एक पान घेऊन आले, इथं आपटा कुठला मिळायला. माझ्या हातात सोनं म्हणून ठेवलं आणि सईच्या खोलीतलं ते बंदुकीचं कपाट रिकामं करायला लागले.