मरणाऱ्याला कळतं का

महाडच्या शाळेत मास्तर असताना मी मुलांकडून एक जुनं विलायती शोकनाटक बसवत होतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सत्ताधीश आणि भर सभेत त्याला भोसकणारा त्याचा जिवलग मित्र, अशी गोष्ट.

रंगमंचासाठी बांबू घेऊन नाते गावचा एक शेतकरी आला आणि तालीम बघत खिडकीशी उभाच राहिला. मग रोज दुपारी येऊ लागला. नाव मी कधी विचारलं नाही. मित्राने सुरा उपसला की हा टोपी काढून मुठीत पिळायचा, पण नजर हटवायचा नाही.

एकदा मुलं गेल्यावर तो म्हणाला, "मास्तर, मरणाऱ्याला कळतं ना, कोणी मारला ते?"

"कळतं. मारणाऱ्याकडे बघतच तो मरतो."

"मग तुमचा मारणारा सुटला." तो पायरीवर बसला. "बेचाळीसच्या चळवळीत माझा दोस्त रानात लपला व्हता. पोलिसांनी दोन दिवस मारल्यावर मीच जागा दाखवली. त्याला कळलाच नाय. बेड्या घालून गावातनं नेताना आपल्या आईचा हात माझ्या हातात देऊन गेला, नि तुरुंगात मेला. म्हातारी माझ्याकडंच हाय. मला लेक म्हणते. सांगू काय तिला?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो.

प्रयोगाला तो म्हातारीला घेऊन आला. नाटकातल्या मित्राने सुरा खुपसला तेव्हा ती कळवळली आणि शेजारी बसलेल्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मेला कसला दोस्त हा! माझ्या पोराला तुझ्यासारखा मिळाला, बरा झाला रे."

तो मुठीतली टोपी पिळत मंचाकडे बघत राहिला.